मोफत मिळालेला वकील: साडेतीन वर्षांचा अनुभव

आमच्या गिरणीवर दळण घेऊन येणाऱ्या बायकांपैकी पाच-सहा जणींनी तरी गेल्या वर्षभरात मला बाजूला घेऊन विचारलंय, "आक्का, तो फुकटातला सरकारी वकील खरंच मिळतो का? आणि मिळाला तर काम करतो का?" दळण होईपर्यंत जेवढं सांगता येईल तेवढं प्रत्येकीला सांगितलं. पण पट्ट्याच्या आवाजात अर्धं ऐकू येतं, अर्धं राहून जातं. म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

आधी शब्दाचा घोळ मिटवते. सरकारी वकील वेगळा. तो सरकारच्या बाजूने उभा राहतो, म्हणजे आरोपीच्या विरुद्ध बोलतो. मी सांगतेय तो विधी सेवेचा वकील. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने तो मिळतो. तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, आणि हायकोर्टाची आपली वेगळी समिती. बाईमाणसाला हा वकील मिळतो, तिची कमाई कितीही असो. लहान मुलाला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, अपंगाला, कारखान्यातल्या कामगाराला मिळतो. कमी उत्पन्नवाल्याला मिळतो. आणि जो कोठडीत किंवा तुरुंगात आहे त्यालाही मिळतो, मग तो कोणी का असेना. हे शेवटचं आम्हाला भाऊ आत गेल्यावर कळलं.

जून २०१७ मधली गोष्ट. पेरणीच्या तोंडावर माझा धाकटा भाऊ आणि आमचा चुलत भाऊ यांच्यात बांधावरून जुंपली. बांध कोरला, नाही कोरला, असं करत करत चुलत भावाचं डोकं फुटलं. अकरा टाके पडले. पोलिसांनी ३०७ लावलं, जीवे मारण्याचा प्रयत्न. कोणी काय उचललं आणि कोणी कोणाला मारलं हे मी इथं मांडणार नाही. ते कोर्टात चालू आहे, आणि चुलत भाऊही माझाच आहे.

भाऊ महिना-दीड महिन्याने जामिनावर सुटला. आम्ही खाजगी वकील दिला. साठ हजार ठरले. चार शेळ्या विकून आणि सोयाबीनची पट्टी आली तशी तीन हप्त्यांत ते फेडले. वकिलाचं नाव मी लिहीत नाही, लिहून आता काही परत येणार नाही.

साक्षी सुरू झाल्या नोव्हेंबर २०१९ मध्ये. ज्यांनी कोर्ट पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आधी सरकारी वकील आपल्या साक्षीदाराला विचारून त्याचं म्हणणं लिहून घेतात, ती सरतपासणी. मग आरोपीचा वकील त्याच साक्षीदाराला प्रश्न घालतो, ती उलटतपासणी. कोर्टात सगळे तिला क्रॉसच म्हणतात. साक्षीदाराने जे सांगितलं त्यातलं किती टिकतं ते क्रॉसमध्ये कळतं. तर जखमी चुलत भावाची सरतपासणी झाली त्या दिवशी आमचे वकील दुसऱ्या तालुक्याला होते. डॉक्टरांची झाली त्या दिवशी फोन बंद. पुढे दोन तारखांना मुदतीचे अर्ज दिले, तिसऱ्या तारखेला अर्जही नाही आणि वकीलही नाही. कोर्टाने 'नो क्रॉस' केलं. म्हणजे या साक्षीदारांना आरोपीकडून काही विचारायचं राहिलं नाही, पुढे चला.

आम्हाला यातलं काही कळलं नव्हतं. भाऊ घरी येऊन सांगायचा, "आज डॉक्टर आले होते, झालं त्यांचं." आम्हाला वाटायचं, बरं झालं, एक काम उरकलं.

मध्ये लॉकडाऊन गेला. फेब्रुवारी २०२२ मध्ये निकाल लागला. सात वर्षं सक्तमजुरी, पाच हजार दंड. भाऊ सकाळी डबा घेऊन गेला होता, संध्याकाळी तो डबा मी कोर्टाच्या व्हरांड्यातून परत आणला. शिक्षा झालेल्या माणसाला निकालाची प्रत लगेच आणि मोफत द्यायची असते, असा कायदा आहे. ते ठाऊक नसल्यामुळे नकलेच्या नावाखाली एकाने आमच्याकडून दीड हजार घेतले.

हायकोर्टात अपील करायला साठ दिवस असतात. त्यातले वीस दिवस आम्ही वकील शोधण्यात घालवले. एकाने एक लाख वीस हजार सांगितले, टायपिंगचे आणि कागदांचे वेगळे. माय म्हणाली, गिरणी विक. गिरणीवर पाच माणसं जेवतात, ती विकून जेवायचं काय?

वाट सापडली ती तुरुंगातच. मुलाखतीच्या दिवशी भाऊ जाळीपलीकडून म्हणाला, "आक्का, इथं विधी सेवेवाले येतात. आतला एकजण म्हणला, अर्ज भर, पैसे लागत नाहीत." कारागृहात विधी सेवेचा कक्ष असतो, तिथं विधी स्वयंसेवक येऊन बसतात. त्यांनीच भावाचा अर्ज भरून घेतला, निकालाची प्रत जोडली, अधीक्षकांमार्फत तो हायकोर्टाच्या समितीकडे गेला. मी कुठेही खेटे घातले नाहीत. पाचव्या आठवड्यात पत्र आलं. त्यावर एका वकीलबाईंचं नाव आणि फोन नंबर. त्या क्षणापर्यंत माझा विश्वास नव्हता, खरं सांगते. ज्याला साठ हजार दिले तो आला नाही, मग जिला एक रुपया द्यायचा नाही ती कशाला येईल, हाच विचार डोक्यात होता. हा अनुभव लिहायला बसले त्याचं कारणही तोच विचार. तो चुकीचा निघाला आणि तो चुकीचा आहे हे बाकीच्यांना कळलं पाहिजे.

आमच्या भागाला हायकोर्टाचं औरंगाबादचं खंडपीठ लागतं. आता शहर छत्रपती संभाजीनगर झालं, खंडपीठाला मात्र लोक अजून औरंगाबाद खंडपीठच म्हणतात. एसटीने साडेतीन तास, स्टँडवरून जालना रोडला रिक्षा. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून माझा जाण्यायेण्याचा खर्च निम्म्यावर आला. खंडपीठ जवळ असल्याची किंमत मला माझ्या नणंदेमुळे कळली. ती सांगलीकडे दिली आहे. तिच्या दिराच्या केससाठी त्यांना रात्रभर रेल्वेने मुंबई गाठावी लागायची, मुक्काम वेगळा. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच, म्हणजे हायकोर्टाचं फिरतं खंडपीठ, सुरू झालं तेव्हा तिचा मला मुद्दाम फोन आला होता.

वकीलबाईंना मी पहिल्यांदा भेटले ते मे महिन्यात. छोटं ऑफिस, दोन खुर्च्या, भिंतीला लावून फाइलींचे गठ्ठे. मी निकालाची प्रत पुढे केली. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि विचारलं, "ताई, रोजनामा आणलाय का?"

रोजनामा म्हणजे कोर्टात कोणत्या तारखेला काय झालं त्याची रोजची नोंद. मला तो शब्दच पहिल्यांदा कळला. पुढच्या खेपेला रोजनाम्याची आणि साक्षींची नक्कल घेऊन गेले. त्यांनी टेबलावर पट्टी ठेवली आणि एकेक ओळ मला वाचायला लावली. 'आरोपी हजर. आरोपीचे वकील गैरहजर. पुकारा केला.' पुढची तारीख. 'आरोपीचे वकील गैरहजर.' मग डॉक्टरांच्या साक्षीचा कागद काढला. दीड पान सरतपासणी आणि तळाशी एक ओळ: 'आरोपीतर्फे उलटतपासणी: नाकारली.'

"कोणी नाकारली?" त्यांनी विचारलं.

मला काय माहीत. त्यांनी ते भावाला विचारलं. त्यासाठी त्या स्वतः तुरुंगात जाऊन आल्या. भाऊ म्हणाला, "वकील आले नव्हते. साहेबांनी मला विचारलं, काही विचारायचंय का? मी म्हटलं, नाही साहेब. मी साहेबांना काय विचारणार?"

त्याला वाटलं, न्यायाधीश साहेबांना काही विचारायचं आहे का, असं त्याला विचारलंय. सातवी शिकलेला, ऊसतोडीला जाणारा माणूस, पिंजऱ्यात हात जोडून उभा. डॉक्टरांना आपण प्रश्न विचारू शकतो हे त्याच्या गावीही नव्हतं. त्या एका 'नाही साहेब'ची ओळ होऊन कागदावर बसली, आणि त्या ओळीवर सात वर्षं.

वकीलबाईंनी सगळं अपील त्या ओळीभोवती बांधलं. त्यांनी मला जे समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३०४ होतं (आमचा खटला जुना, म्हणून जुनाच कायदा लागू). सत्र न्यायालयात आरोपीला वकील नसेल आणि ऐपत नसेल, तर कोर्टाने सरकारी खर्चाने वकील द्यायचा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम ३४१ झालं आहे. आरोपीने मागितला नाही म्हणून दिला नाही, हे चालत नाही. सुप्रीम कोर्टाने १९८६ मध्येच अरुणाचलच्या एका खटल्यात सांगितलं आहे की असा हक्क आहे हे आरोपीला सांगायचं काम कोर्टाचं. मी त्यांना विचारलं होतं, मग आमचा माणूस सुटेल ना? त्यांनी तोंडावर सांगितलं, "ताई, सुटेल असं मी म्हणणार नाही. आपण मागतोय ती संधी." त्या दिवशी मला ते कडू लागलं. पण तीन वर्षांत त्यांनी मला एकही खोटी आशा दाखवली नाही, याची किंमत मला आता कळते.

संधी म्हणजे खटला पहिल्यापासून नव्याने चालवणंही नव्हे. असं सरसकट होत नाही. १९६३ सालचा उखा कोल्हे विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा सुप्रीम कोर्टाचा निकाल आजही दाखवतात म्हणे. फेरखटला हा अपवाद आहे, खालच्या कोर्टात गंभीर चूक झाली असेल किंवा एखाद्या बाजूला आपल्या हाताबाहेरच्या कारणाने पुरावाच देता आला नसेल तरच. म्हणून त्यांनी मागणी बेताची ठेवली: जिथं गाडी रुळावरून घसरली तिथून पुढे चालवा. सरतपासण्या झाल्यात त्या राहू द्या, उलटतपासणी होऊ द्या, आणि निकाल नव्याने द्या.

जामिनाचा अर्ज पहिल्याच वर्षी नामंजूर झाला. त्यानंतर वाट पाहणं. खालच्या कोर्टातून मूळ कागदपत्रं यायची, पेपर बुक, म्हणजे अपिलाच्या सगळ्या कागदांचं बाड, तयार व्हायचं, मग अपील बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, लागायचं. दोन वर्षं गेली. या काळात मी मोबाइलवर ई-कोर्ट्सचं ॲप घेतलं, मुलाने त्यात केस टाकून दिली. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर असतो, तो एकदा हाताशी ठेवला की पुढची तारीख आणि झालेले आदेश घरबसल्या दिसतात. आमच्या पहिल्या वकिलाच्या वेळी हे असतं तर 'नो क्रॉस' आम्हाला त्याच आठवड्यात दिसलं असतं. खरं म्हणजे तेव्हाही होतं. आम्हालाच कोणी सांगितलं नव्हतं.

सुनावणीला मी गेले होते, जुलै २०२४ मध्ये. मागच्या बाकावर बसले. सगळं इंग्रजीत चाललं होतं, मला 'क्रॉस' आणि 'थ्री झीरो फोर' एवढंच ओळखू येत होतं. वकीलबाई उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या हातात तोच कागद होता, तळाची ओळ पिवळी केलेली. न्यायमूर्तींनी तो मागून घेतला, वाचला, आणि सरकारी वकिलांना काहीतरी विचारलं. सरकारी वकील थोडं थांबून बोलले. पुढे फार वेळ लागला नाही.

ऑगस्टमध्ये आदेश झाला. दुपारची वेळ होती, गिरणी चालू होती. वकीलबाईंच्या ज्युनिअरचा फोन आला. एका कानात बोट घालून ऐकत होते. पलीकडून आवाज आला, "ताई, मॅटर रिमांड झालं."

माझ्या हातातली डाळीची पायली खाली पडली. रिमांड हा शब्द मला एकाच अर्थाने माहीत होता. २०१७ मध्ये भावाला उचललं तेव्हा तीन दिवसांचा पोलीस रिमांड मिळाला होता, त्या तीन रात्री माय ओट्यावर बसून होती. मला वाटलं, त्याला पुन्हा पोलिसांच्या ताब्यात दिलं. फोनवर काही बोलताच आलं नाही. घरी सांगायची हिंमत होईना, ज्वारीच्या पोत्यावर बसून राहिले. संध्याकाळी वकीलबाईंचा स्वतःचा फोन आला. "ताई, शिक्षा रद्द झाली आहे. खटला फेरविचारासाठी खालच्या कोर्टात परत पाठवलाय. भाऊ जामिनावर बाहेर येईल." मी तीनदा विचारलं, शिक्षा रद्द म्हणजे रद्द ना? तीनदा त्यांनी सांगितलं, रद्द, पण खटला संपलेला नाही.

या सेवेतल्या सगळ्या वकिलांना माझी हात जोडून एकच विनंती आहे. घरच्यांना फोन कराल तेव्हा 'रिमांड' म्हणू नका. 'खटला परत पाठवलाय' म्हणा. चार शब्द जास्त जातील, पण आमच्या घरात रिमांड म्हणजे मार.

आदेशात काय होतं ते आम्ही नंतर मराठीत समजून घेतलं. निकाल आणि शिक्षा रद्द. जखमी आणि डॉक्टर या दोघांना पुन्हा बोलावून आरोपीला उलटतपासणीची संधी द्यायची. आरोपीला वकील नसेल तर आधी वकील द्यायचा. त्यानंतर आरोपीचा जबाब पुन्हा घ्यायचा, दोन्ही बाजू ऐकायच्या आणि आधीच्या निकालाचा प्रभाव न ठेवता सहा महिन्यांत निर्णय द्यायचा. भाऊ दोषी आहे किंवा नाही यावर हायकोर्ट एक अक्षर बोललं नाही. गावात पेढे वाटायला निघालेल्या दिराला मी त्याच कारणाने थांबवलं.

इथं या सेवेचा दुसरा भाग सुरू होतो, आणि माझ्या मते खरी परीक्षा इथंच असते. हायकोर्टाने दार उघडलं तरी आत जाऊन प्रश्न विचारायचे कोणी? तेच कोर्ट, तेच साक्षीदार. या वेळी वकील ढिला निघाला तर याच कारणावरून पुन्हा अपील करायला फारशी जागा उरत नाही, कारण संधी मिळाली होती असंच म्हणतील. वकीलबाईंनी मला एक खटला सांगितला होता, मध्य प्रदेशातला, फाशीच्या शिक्षेचा. तिथं मोफत वकील दिला होता, पण ज्या दिवशी दिला त्याच दिवशी आरोप ठेवले आणि पंधरवड्यात निकाल. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१९ मध्ये तो खटला परत पाठवला आणि सांगितलं की अशा मोठ्या शिक्षेच्या खटल्यात दहा वर्षं अनुभव असलेला वकील द्या, आणि तयारीला निदान सात दिवस तरी द्या. म्हणजे मोफत वकील दिला की झालं, असंही नाही. त्याला वेळ मिळाला पाहिजे.

आता जिल्ह्याच्या ठिकाणी लोकअभिरक्षक कार्यालय झालं आहे. आधी विधी सेवेची कामं खाजगी वकिलांच्या यादीतून वाटली जायची, अजूनही काही जातात. लोकअभिरक्षक मात्र पूर्णवेळ हेच काम करतात, बाहेरच्या केसेस घेत नाहीत. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२२ मध्ये ही पद्धत आणली. भाऊ बाहेर आल्यामुळे कोठडीतला माणूस म्हणून त्याचा हक्क राहिला नव्हता, म्हणून तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला काढून जोडला. त्याला आठ दिवस गेले.

आम्हाला मिळालेले वकील तरुण होते. मी जरा खट्टू झाले होते. पण त्यांनी पहिल्या भेटीत भावाला खुर्चीवर बसवलं आणि शेताचा नकाशा काढायला लावला. बांध कुठं, विहीर कुठं, चुलत भाऊ कुठं उभा होता, सूर्य कुठं होता. दोन तास. साठ हजारवाल्यांनी भावाला कधी 'बस' म्हटलेलं मला आठवत नाही. दुसऱ्या भेटीत ते डॉक्टरांच्या दाखल्यातल्या एका शब्दावर बोट ठेवून बसले होते.

डॉक्टर दोन तारखांना आले नाहीत, त्यांची बदली झाली होती. सहा महिन्यांची मुदत संपत आली, कोर्टाला हायकोर्टाकडून वाढवून घ्यावी लागली. एप्रिल २०२५ मध्ये डॉक्टर आले. फिर्यादीत लिहिलंय, कोयत्याने वार केला. डॉक्टरांच्या दाखल्यात लिहिलंय, कडक व बोथट वस्तूने झालेली जखम. सात वर्षं हे दोन कागद एकाच फाइलीत शेजारी शेजारी पडून होते आणि कोणी विचारलं नव्हतं. वकिलांनी आवाज न चढवता विचारलं. जखमेच्या कडा दाखल्यात कशा नोंदवल्यात? धारदार शस्त्राने झालेल्या जखमेच्या कडा कशा असतात? दगडावर पडून अशी जखम होऊ शकते का? डॉक्टर दाखला हातात घेऊन बराच वेळ पाहत होते. मग लेखनिकाने टाइप केलं आणि न्यायाधीशांनी वाचून दाखवलं: "हे म्हणणे खरे आहे की, अशी जखम कडक व बोथट पृष्ठभागावर पडल्यास होऊ शकते." अर्ध्या तासात सगळं आटोपलं. तो अर्धा तास २०१९ मध्ये मिळाला असता तर.

याने भाऊ सुटेलच असं नाही. चुलत भावाची क्रॉस जानेवारीत झाली, तो आपल्या म्हणण्यावर बराचसा ठाम राहिला. त्या दिवशी व्हरांड्यात त्याची बायको माझ्या समोरच्या बाकावर बसली होती. सात वर्षं आम्ही बोललो नव्हतो. ती म्हणाली, "पुन्हा सगळं उगाळायला लावलं तुम्ही." तिचंही खरं आहे. नवऱ्याचं रक्त पुसलेला दिवस तिला परत सांगायला लागला, आणि त्यात तिचा काही दोष नव्हता. ज्या दिवशी आमचा वकील आला नाही त्या दिवसाचं मोल दोन्ही घरांनी मोजलं. मी तिला पाण्याची बाटली दिली, तिने घेतली.

आता पैशांचं, कारण बायका सगळ्यात आधी तेच विचारतात. वकिलाची फी नाही, कोर्ट फी नाही, टायपिंग आणि नकलांचे पैसे नाहीत. हायकोर्टात आणि जिल्ह्यात मिळून आमचा खर्च झाला तो प्रवासाचा, झेरॉक्सचा आणि दाखल्यांचा. साडेतीन वर्षांत अकरा हजार सहाशे. वहीत लिहिलेलं आहे. विधी सेवेच्या वकिलाला पक्षकाराकडून पैसे घेता येत नाहीत. कोणी मागितले तर देऊ नका आणि समितीकडे लेखी तक्रार करा.

उणं काय? सगळंच गोड लिहिलं तर तुमचा विश्वास बसायचा नाही. वेळ फार लागतो. अपील बोर्डावर यायला दोन वर्षं लागली, त्यात वकिलाचा दोष नव्हता, पण आत बसलेल्या माणसाला दोष कोणाचा याने काय फरक पडतो? दुसरं म्हणजे कळवाकळवी. पत्रं इंग्रजीत येतात, तारीख बदलली तर कोणी फोन करेलच असं नाही, ॲप बघावं लागतं. गावात जिच्याकडे साधा फोन आहे तिने काय करायचं? एका कार्यालयात मला दोनदा सांगितलं, उद्या या. साडेतीन तासांचा प्रवास करून आलेल्या बाईला उद्या या म्हणू नये. आणि सगळ्यात मोठी उणीव, माहिती आत गेल्यावर मिळते. भावाला हा हक्क तुरुंगात कळला. तो पोलीस ठाण्यात, पहिल्या दिवशी, भिंतीवरच्या पाटीवरून आणि माणसाच्या तोंडून कळायला हवा होता.

पाचपैकी गुण द्यायचे तर वकिलांच्या कामाला मी पाच देते, दोघांनाही. वेळेला आणि कळवण्याला तीन. एकूण चार धरा.

ज्यांना गरज आहे त्यांनी हेल्पलाइनचा नंबर लिहून घ्या: १५१००, देशभर एकच आहे. घरातलं कोणी आत असेल तर मुलाखतीला जाल तेव्हा विधी सेवेच्या कक्षाबद्दल त्याला सांगा. बाहेर असेल तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं कार्यालय विचारा. आधार कार्ड, खटल्याचा नंबर, उत्पन्नाचा दाखला न्या. बाईने स्वतःसाठी अर्ज केला तर उत्पन्नाची अट नाही. खाजगी वकील आधीच दिला असेल आणि तो येत नसेल, तरी गप्प बसू नका. त्याच दिवशी न्यायाधीशांपुढे उभं राहून म्हणा, "साहेब, माझे वकील आले नाहीत, मला विधी सेवेचा वकील द्या." एवढं वाक्य मी भावाला पाठ करून दिलं असतं, मला आधी कळलं असतं तर. आता गिरणीवर येणाऱ्या प्रत्येकीला ते पाठ करून देते. आणि महिन्याला एकदा रोजनामा बघा. वकील कितीही भला असला तरी बघा.

मागच्या तारखेला आमच्या बाजूचा युक्तिवाद झाला. सरकारी वकिलांचा राहिला आहे. पुढची तारीख शुक्रवारची लागली आहे. त्या दिवशी गिरणी बंद राहील, दळण गुरुवारी आणा.